पहिली होडी घेताना: धरणाच्या आणि नदीच्या पाण्यावर मासेमारीसाठी

होडी बघायला जायच्या आधी एक काम करा. ज्या पाण्यात जाळं टाकणार आहात, त्या पाण्याच्या काठावर एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला जाऊन तासभर उभे राहा. सकाळी सहाला उजनी धरणाचं पाणी परातीतल्यासारखं स्थिर असतं, आणि त्या वेळी कुठलीही होडी चांगलीच वाटते. दुपारनंतर पश्चिमेकडे ढग भरून आले आणि वळवाचा वारा सुटला, की त्याच पाण्यावर पांढऱ्या फेसाच्या लाटा उठतात. होडी घ्यायची ती या दुपारसाठी.

मला हे आमच्या गावच्या तात्यांनी सांगितलं. मी तेव्हा इंजिनाची चौकशी करत फिरत होतो. ते म्हणाले, "आधी पाणी बघ, मग होडी बघ, इंजिनाचं सगळ्यात शेवटी." खरेदीचा हाच क्रम धरा. मी उलटा धरला होता आणि त्याचे पैसे भरले.

पुढचं सगळं उजनीच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे अडून पसरलेल्या पाण्यावर, डोळा ठेवून लिहितो आहे, कारण ते पाणी मला माहीत आहे. पण जायकवाडी, कोयना, गोसीखुर्द किंवा गावचा मोठा तलाव असला तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात. नदीचं वेगळं काय, ते मध्ये सांगतो.

पाणी कसं आहे ते आधी ठरवा

आपल्याकडचे बहुतेक मोठे तलाव म्हणजे धरणांचे फुगवटे. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे एरवी वापराबाहेर धरलेलं तळाचं पाणी. पाऊसकाळ बरा झाला तर धरण भरतं आणि उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" अशी बातमी येते, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही पातळीखाली उतरलं. होडी घेणाऱ्यासाठी या बातमीचा अर्थ असा: दिवाळीत तुमच्या रानाच्या बांधाला लागलेलं पाणी मे महिन्यात चिखल ओलांडून पार लांब गेलेलं असतं, आणि होडी तिथवर ओढत न्यायची असते. दोन माणसांना रिकामी होडी गाळावरून ओढता येईल का, हे म्हणूनच विचारायचं. जड होडी पाण्यात चांगली वाटते, उन्हाळ्यात तीच कंबर मोडते.

पाणी ओसरलं की खालचं गावही वर येतं. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं तेव्हा लोक फोटो काढायला येतात. आम्हाला मात्र त्याच्या आसपासच्या पडक्या भिंती, विहिरींचे कठडे आणि वाळलेल्या झाडांची खोडं आठवतात. हातभर पाण्याखाली असलेलं बाभळीचं खोड दिसत नाही. त्यामुळे होडीचा तळ मजबूत हवा आणि गावातच दुरुस्त होण्यासारखा हवा.

राहिला वारा. मोकळ्या पाण्यावरून तो जितक्या लांबून येतो, तितकी लाट मोठी. फुगवटा अरुंद असेल आणि दोन्ही बाजूंना डोंगर असतील तर एक हिशेब; भिगवणपासून खाली पाणी पसरतं तिथला हिशेब वेगळा. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती मासेमारीची होडी नव्हती. पण वारा तोच होता आणि पाणीही तेच.

नदीत लाटेपेक्षा ओढ महत्त्वाची. वरच्या धरणातून पाणी सोडलं की भीमा, कृष्णा, गोदावरी काही तासांत रूप बदलतात. नदीसाठी होडी थोडी लांबट आणि अरुंद चालते, कारण ती प्रवाह कापते. रुंद, सपाट होडी उलट्या प्रवाहात वल्हवताना जीव काढते. तुमचं बहुतेक काम फुगवट्यावर असेल तर रुंदीच्या बाजूला झुका.

मासे धरायचा हक्क आहे का?

ही पायरी लोक सोडून देतात आणि होडी दारात पडून राहते. धरणाचं पाणी सगळ्यांचं असलं तरी त्यातली मासळी धरायचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो किंवा परवान्यावर मिळतो. संस्थेचं सभासदत्व, परवाना, कुठल्या आसाचं (किती मोठ्या डोळ्यांचं) जाळं चालतं, कुठला भाग राखीव आहे, हे सगळं पैसे मोजायच्या आधी विचारा. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात ही माहिती मिळते. हौसेनं गळ टाकणार असलात तरीही विचारा.

त्याच फेरीत अनुदानाचंही बघा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. लाभार्थ्याला वैयक्तिक घटकांत सर्वसाधारण गटासाठी खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींसाठी ६० टक्के अशी मदतीची रचना आहे. होडी-जाळ्यांसाठी राज्याचीही योजना आहे. यंदा तुमच्या जिल्ह्यात काय चालू आहे ते कार्यालयातच कळेल. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: आधी मंजुरी, मग खरेदी. होडी आणून मग अर्ज घेऊन जाणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत.

कशाची होडी?

ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं लावणारे आजही आहेत. पोटासाठी लोक तेही करतात, आणि पूर्वी भोपळ्याची सांगड होतीच. पण पैसे जमवून घेताय तर होडीच घ्या. ट्यूबला एक काटा पुरतो.

लाकडी होडी सुंदर असते, पण सागवान परवडत नाही आणि कारागीर कमी होत चालले आहेत. ती पाण्यात राहिली तर टिकते. दोन महिने उन्हात पालथी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पुन्हा कापूस ठोकून डांबर भरावं लागतं. घराण्यात हे काम कुणाला येत असेल तरच घ्या.

पत्र्याची होडी स्वस्त पडते आणि गावातला वेल्डिंगवाला ती दुरुस्त करतो. वेल्डिंगच्या रेषेवर ती आधी गंजते आणि उन्हात चुलीवरच्या तव्यासारखी तापते. हवाबंद पेट्या नसतील तर पाणी भरताच पत्रा सरळ तळाला जातो.

गळ टाकायला सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्यांसाठी हवा भरायची जाड पीव्हीसी होडी किंवा साच्यातून काढलेली प्लास्टिकची होडी ठीक आहे. ती गाडीच्या टपावर जाते आणि घरात मावते. जाळी, त्यांना वजनासाठी लावलेलं शिसं आणि टोपल्यांच्या रोजच्या कामाला मात्र हवेची होडी नको.

बाकी सगळ्यांसाठी माझं उत्तर एकच, फायबरची. हलकी, गंज नाही, आणि मॅट (काचतंतूंची चादर) व रेझिन (ती भिजवून कडक करणारा चिकट द्रव) आणून दुपारभरात भोक बुजवता येतं. फायबरचा दोष असा की वाईट काम रंगाखाली लपतं. त्यामुळे यापुढचा भाग सावकाश वाचा.

किती मोठी?

दोन माणसं, जाळी आणि मासळी या कामाला १४ फूट लांबी आणि वरच्या काठाला ५ फूट रुंदी हे पहिल्या होडीचं चांगलं माप आहे. लांबीत एक फूट वाचवा हवा तर, रुंदीत नको. जाळं ओढताना दोघंही एकाच बाजूला वाकतात, तेव्हा आधार रुंदीचाच असतो.

माणसं किती, याचं एक ढोबळ सूत्र अमेरिकेत वीस फुटांच्या आतल्या होड्यांसाठी वापरतात: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. म्हणजे १४ गुणिले ५ झाले ७०, भागिले १५, आले साडेचारच्या आसपास. चार माणसं धरा. तेही रिकाम्या हातांची. ओलं जाळं, शिसं, बर्फाची पेटी आणि पन्नास किलो चिलापी (तिलापिया मासे) म्हणजे दोन माणसं आधीच बसली.

दुसरं माप आपलं, विताचं. पूर्ण भार घातल्यावर पाण्यापासून काठापर्यंत सगळ्यात बुटक्या जागी दीड वीत, म्हणजे तेरा-चौदा इंच, उरली पाहिजे. बहुतेक होड्या मागच्या फळीपाशी बुटक्या असतात, कारण तिथे इंजिन बसतं. लाट तिथूनच आत येते. बघताना म्हणून मागे जाऊन बघा.

कारखान्यात बघायच्या गोष्टी

संध्याकाळी जा आणि टॉर्च घेऊन जा. अंधार पडला की टॉर्च होडीच्या आतून तळाला टेकवून धरा आणि सोबत्याला बाहेरून बघायला सांगा. बाहेरून गडद रंग नसेल तर उजेड पलीकडे मंद दिसतो. सगळीकडे सारखा मंद असेल तर थर सारखे बसलेत. मध्येच चमकदार ठिपका दिसला तर तिथे रेझिन कमी पडलंय किंवा हवेचा बुडबुडा राहिलाय. खडूनं तिथे खूण करा. गडद रंगाची होडी असेल तर रुपयाचं नाणं घेऊन तळभर ठोकत जा. चांगल्या थराचा आवाज टणक येतो. जिथे थर सुटलेत तिथे तो बद्द होतो, फुटक्या मडक्यासारखा. दहा मिनिटांत कानाला फरक कळायला लागतो.

तळाची जाडी बोलण्यावर मान्य करू नका. मागच्या फळीत पाणी काढायचं भोक पाडतात, त्यातून निघालेली गोल चकती मागून घ्या. तळाला कुठे भोक पाडलं असेल तर त्याचीही घ्या. चकतीच्या कडेला थर मोजता येतात. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. १४ फुटी होडीच्या तळाला पाच-सहा मिलिमीटर आणि बाजूंना चार तरी हवेत. आमच्या खोडा-दगडांच्या पाण्यात मी तळाच्या मधोमध आणि दोन्ही कोपऱ्यांवर एक जादा थर मागतो.

हात फिरवा. आतून चिकट लागत असेल किंवा रेझिनचा उग्र वास अजून येत असेल, तर माल नीट सुकलेला नाही. आठवडाभर थांबा. घाई तुम्हाला आहे हे कारागिराला कळू देऊ नका.

इंजिन बसणार ती मागची फळी फायबरच्या आत प्लायवुड घालून करतात. तो प्लाय आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय हवा. साधा प्लाय दोन पावसाळ्यांत आतून कुजतो आणि बाहेरून काही कळत नाही. जुनी होडी घेत असाल तर या फळीवर हातोडीची मूठ हळू आपटा आणि बोल्टच्या भोकांपाशी बघा. तपकिरी पाणी झिरपत असेल तर फळी गेली.

आता पेट्यांकडे या. बसायच्या फळ्यांखाली "थर्माकोल भरलाय, बुडणार नाही" असं सांगतात. माझ्या पहिल्या होडीलाही सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी तडा गेला म्हणून पेटी कापली, तर आत मूठभर पिवळट चिकट गोळा होता आणि बाकी पाणी. फायबरच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये असलेलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं. पेट्रोल सांडलं तरी तेच होतं. वर्षभर मी त्या पेटीच्या भरवशावर पाण्यात होतो, सोबत माझा धाकटा भाऊ होता. म्हणून विचारा: आत काय आहे? पीयू (पॉलीयुरेथेन) फोम असेल तर ठीक. थर्माकोल असेल तर तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून रेझिनपासून वेगळा ठेवलाय का? खात्री नसेल तर पेटी मोकळी ठेवायला सांगा आणि बंद झाकणाचे प्लास्टिकचे कॅन स्वतः बसवा.

कॅन किती, याचा हिशेब सोपा आहे. १२० किलोची फायबर होडी पाण्यात पूर्ण बुडाली की साधारण ८० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिला वर धरायला ४० किलोचा आधार लागतो. २०-२५ किलोच्या इंजिनाचे २० धरा. काठ धरून पाण्यात लटकलेल्या माणसाला डोकं वर ठेवायला आठेक किलो पुरतात. चार माणसांचे ३२. बेरीज ९२. पन्नास लिटरचे दोन कॅन म्हणजे जेमतेम; मी तीन-चार बसवतो. ते तळाशी बांधू नका, नाहीतर पाणी भरल्यावर होडी पालथी होते. दोन्ही बाजूंना सारखे वाटून काठाखाली, शक्य तितक्या वर, पट्ट्यांनी घट्ट आवळा.

पाण्यात उतरवून बघणं

पूर्ण पैसे देण्याआधी होडी पाण्यात बघायचीच. कारखानदार नको म्हणाला तर ती होडी घेऊ नका.

कंबरभर पाण्यात रिकामी सोडा. ती एका बाजूला कलते का बघा. मग एका जणानं मध्ये बसायचं आणि दुसऱ्यानं एका काठावर पाय देऊन उभं राहायचं, जाळं ओढतो तसं वाकून. काठ खाली जाईल, पण पाण्याच्या वर थांबला पाहिजे. दोन माणसं आणि वाळूची पोती घालून दीड वीत मोजा. तळाला कोरडं फडकं अंथरून अर्धा तास तशीच ठेवा आणि ते कोरडंच राहतं का बघा.

शेवटची चाचणी कुणी करत नाही, आणि मी सगळ्यांना हात जोडून सांगतो की करा. इंजिन काढून ठेवा, तेवढ्या वजनाची वाळूची पिशवी त्या जागी बांधा, आणि बादल्यांनी होडी काठोकाठ भरा. भरलेली होडी सरळ तरंगली पाहिजे. मग छातीभर पाण्यात दोघांनी तिला बाहेरून धरून लटका. आमच्या गावात गेल्या उन्हाळ्यात एका पोरानं नवी होडी अशी भरली. मागचं टोक सरळ खाली गेलं आणि पुढचं टोक आभाळाकडे बघत राहिलं. सगळ्या पेट्या पुढेच होत्या. दोन कॅन मागे बांधले, पुन्हा भरली, आणि होडी पाटासारखी सपाट राहिली. तासाभराचं काम होतं, पाणी कंबरभर होतं, आणि काठावर त्याची आई उभी होती.

इंजिन

पहिलं वर्ष वल्ह्यांवर काढता आलं तर काढा. वारा कुठून येतो आणि खोडं कुठे आहेत, हे वल्हवताना कळतं. जाळ्याच्या कामाला बऱ्याच जणांना इंजिनाची गरजही पडत नाही.

घ्यायचंच असेल तर मागच्या फळीची उंची मोजून घ्या. आउटबोर्ड इंजिनाचा, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून अडकवायच्या इंजिनाचा, दांडा आखूड म्हणजे १५ इंची आणि लांब म्हणजे २० इंची येतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे. लांब दांडा बुटक्या फळीवर बसवला तर पंखा खोल जाऊन खोडांना लागतो. मी हीच चूक केली होती: इंजिन आधी, होडी नंतर.

जलपर्णीच्या पाण्यात पंख्याला मुळं गुंडाळतात. इंजिन बंद करून, वर उचलून मगच हात घाला. चालू इंजिनाच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. ती थांबली की आत गाळ किंवा पर्णी अडकली, लगेच बंद करा. पंख्याची सुरक्षा पिन (पंखा आपटला की इंजिन वाचवायला स्वतः तुटणारी) वापरणारं मॉडेल असेल तर दोन जादा पिना खिशात असू द्या. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधा. आणि वल्ही कायम होडीत.

इंजिन बसवलं की कायदाही बदलतो. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ यांत्रिक होड्यांसाठी नोंदणी आणि तपासणी सांगतो. तुमच्या होडीला काय लागू आहे ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून लेखी घ्या.

होडीबरोबर घ्यायचं सामान

होडीच्या बजेटचा पाचवा हिस्सा याला ठेवा, आणि तो आधीच वेगळा काढा. माणसागणिक लाइफ जॅकेट, अंगाला बसणारं. ते घालून गळाभर पाण्यात उतरा. खांद्यावरून वर सरकून तोंडावर आलं तर परत करा. पाणी उपसायला दोरीनं बांधलेला डबा. काठाला चहूबाजूनं फिरवलेली दोरी, पाण्यातून धरायला. नांगर, आणि पाणी जितकं खोल त्याच्या पाच ते सात पट दोरी. नदीत नांगर नेहमी पुढच्या टोकाला बांधा. मागे बांधलात तर प्रवाह मागच्या बुटक्या काठावरून आत येतो. नांगराजवळ धारदार सुरी, कारण ओढ वाढली तर दोरी सोडायला वेळ मिळत नाही. फोन प्लास्टिकच्या बंद पिशवीत. त्यात विजेची सूचना देणारं 'दामिनी' अॅप टाका, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं. सूचना वाजली की जाळं तिथेच सोडून जवळच्या काठाला लागा. गावाच्या काठाला जायचा हट्ट नको.

कागद

नव्या होडीची पक्की पावती घ्या. तिच्यावर लांबी, रुंदी, साहित्य आणि तारीख असावी. जुनी घेताना विकणाऱ्याच्या आणि तुमच्या सह्यांचा मुद्रांकावरचा करार, दोन साक्षीदार, इंजिनाचा क्रमांक आणि त्याची मूळ पावती. होडी संस्थेच्या नावानं किंवा अनुदानातून घेतलेली असेल तर संस्थेचं ना-हरकत पत्र हवंच, नाहीतर दोन वर्षांनी तुमच्या दारात तिसराच माणूस येतो. मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पाच लाख रुपये. त्यात नाव आहे का, हे संस्थेत जाऊन स्वतः यादीत बघा.

पहिला महिना

सुरुवातीचे पंधरा दिवस सूर्योदयाला निघून दहाच्या आत परत या. काठ डोळ्यांपुढे ठेवा. एखाद्या जुन्या भोई माणसाला सोबत न्या, त्याच्या दिवसाची मजुरी द्या आणि खोडांच्या, भिंतींच्या जागा वहीत उतरवून घ्या. पाणी उतरेल तशा त्या बदलतात, म्हणून दर महिन्याला तारीख घालून नवं पान करा. निघताना घरी कुणाला तरी सांगा, कुठल्या बाजूला जाताय आणि किती वाजता परत येताय. परत आल्यावर होडी काठावर ओढून भोक उघडा, पाणी निथळू द्या, आणि तळावरून एकदा हात फिरवा.